साधा बटणांचा फोन की स्मार्टफोन: भरवसा कशाचा?

दुकान_नंबर_सात (धागाकर्ता)

कऱ्हाडच्या बाजूला एका बाजाराच्या गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरवर येणारी दुखणी ठरलेली. डिस्प्ले फुटला, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं, चार्जिंगची पिन हलते, मेमरी फुल्ल झाली, "आपोआप जाहिराती येतात". यातले कितीतरी फोन अशा लोकांचे असतात, ज्यांना दिवसातून चार फोन करायचे आणि चार घ्यायचे, एवढंच काम. मुलाने नवीन घेतला की जुना आईच्या हातात. आजी फोन उचलायला जातात, बोट वर सरकवायचं की बाजूला हे ठरेपर्यंत रिंग बंद. मग त्या पलीकडच्याला लावायला जातात आणि भलत्यालाच लागतो.

माझं मत सरळ आहे. ज्याला बोलण्यासाठी फोन हवा त्याला बटणांचा द्या. नोकिया ११०० आठवा. २००३ साली आला. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, घामेजल्या हातातून निसटू नये अशा कडा आणि वर टॉर्च. ज्या गावात धूळ आहे, घाम आहे आणि रात्री लाइट जाते, तिथला माणूस डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी केलेलं काम होतं ते. जगभरात २५ कोटींच्या आसपास खपला. आता पंधरा हजारांच्या फोनला मागे तीन कॅमेरे असतात. त्यातला तिसरा कशाला, हे मला दुकानदार असून गिऱ्हाइकाला पटवून सांगता येत नाही.

खरं तर मी हे बोलायला नको. स्मार्टफोन फुटतात म्हणून माझं घर चालतं. तरी बोलतोय. होऊ द्या चर्चा.

पॉपकॉर्न_शेठ

चटई टाकून बसलोय. बाकी साधेपणाचा एवढा सोस असेल तर धागा पोस्टकार्डावर काढायला हवा होता.

वाई_ते_हिंजवडी

दादा, दवाखान्यात बसून अख्खं गाव आजारी आहे म्हणण्यासारखं झालं हे. ज्यांचे फोन नीट चालतात ते तुमच्या काउंटरवर कशाला येतील?

माझे आईवडील वाईला, मी पुण्यात. बाबांना मधुमेह. मागच्या पावसाळ्यात पायाला जखम झाली, आईने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, त्यांनी तासाभरात बोलावून घेतलं. बटणांच्या फोनवर आई काय सांगणार होती? "जरा लाल दिसतंय" एवढंच. आईला टाइप करता येत नाही, ती माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलते आणि अक्षरं आपोआप उमटतात. सत्तरीच्या बाईला हे शिकायला वेळ लागला, पण शिकली.

आणि त्या अकराशेच्या आठवणीत सगळे सोयीचं तेवढं आठवतात. त्यातली बीएल-५सी बॅटरी आठवते ना? ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने स्वतःच जाहीर केलं होतं की एका पुरवठादाराने बनवलेल्या ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंगला असताना तापू शकतात, बदलून घ्या. लोक बॅटरीवरचे नंबर तपासत बसले होते. भरवशाचा फोन म्हणे!

दुकान_नंबर_सात

ताई, आठवतंय. माझ्या दुकानातही लोक बॅटऱ्या काढून घेऊन आले होते. पण तुम्हीच बघा, अंगठ्याच्या नखाने झाकण काढलं, बॅटरी बाहेर, दुसरी आत, संपला विषय. आज फुगलेली बॅटरी बदलायची तर मागची काच गरम करून सोडवायची, गोंद खरवडायचा, पट्टी तुटू नये म्हणून श्वास रोखायचा. पूर्वी हे काम गिऱ्हाईक स्वतः घरी करायचं. युरोपीय महासंघाने आता नियमच केलाय की फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी हवी. म्हणजे जे होतं तेच कायदा करून परत मागावं लागतंय.

बांधावरचा_माणूस

लातूरकडचा आहे. मला विचाराल तर बटणाचाच आवडतो. पेरणीच्या चिखलात पडला तरी पुसून परत खिशात. पण आवडून काय करता? २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढा, अ‍ॅपवर चढवा, तेव्हा सातबाऱ्यावर पीक लागणार. पीक लागलं नाही तर पुढं नुकसानभरपाईला आणि पीककर्जाला अडतं. एका फोनवरून बऱ्याच खातेदारांची नोंद करता येते म्हणून गल्लीतला एक पोरगा सगळ्यांची करतो. तो पोरगा पुण्याला कंपनीत लागला की आमची पंचाईत.

शिवाय एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. आमच्याकडं मे-जूनला विजा पडून माणसं आणि जनावरं दगावतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आजूबाजूला वीज पडत असली की सांगतं. तसा इशारा आला की मी बैल सोडतो आणि झाडाखालून निघतो. हे काम टॉर्चवाला फोन करणार नाही.

म्हणून सध्या दोन आहेत. खिशात बटणाचा, पिशवीत दुसरा.

दुकान_नंबर_सात

भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. पण त्यात स्मार्टफोन चांगला असल्याचं कुठं आलं? तो सक्तीचा झालाय एवढंच आलं. आणि सक्ती करणारे देतात कसला फोन? २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते, पेपरात रोज बातम्या होत्या. फोन तापतात, अडकतात, वर पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. अ‍ॅप जड होत जातं आणि गरिबाच्या हातातला फोन तोच राहतो. तीन वर्षांपूर्वीचा स्वस्त स्मार्टफोन आज बिघडलेला नसतो, तरी निकामी असतो. बटणांच्या फोनचं असं होत नाही.

पांढरी_काठी

मी पूर्ण अंध आहे. वरचे प्रतिसाद फोननेच वाचून दाखवले, हाही फोनवरच लिहितोय.

तुम्ही सगळे "साधा" म्हणता तो फोन माझ्यासाठी सगळ्यात अवघड. बटणं बोटांना कळतात, पाचच्या बटणावर टिंब असतं, नंबर लावता येतो. पण आलेला एसएमएस? बहुतेक बटणांचे फोन तो वाचून दाखवत नाहीत. बँकेचा ओटीपी वाचायला शेजाऱ्याला बोलवायचं आणि वर "कुणालाही सांगू नका" हा संदेश त्याच्याच तोंडून ऐकायचा. (हसा, मीही हसायचो.)

टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) असलेला सपाट काचेचा फोन मला ओटीपी, टपाल, औषधाच्या पाकिटावरचं नाव, सगळं वाचून देतो. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप २०२० च्या १ जानेवारीला आलं. नोटेसमोर धरलं की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी. तिसरा कॅमेरा मलाही नको. पण कॅमेराच नको म्हणू नका, माझ्यापुरते तेच डोळे आहेत.

वाई_ते_हिंजवडी

+१. या प्रतिसादानंतर धागा मिटवायला हरकत नाही.

बाणकोट_खाडी

थांबा, इतक्यात मिटवू नका.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. घरातले स्मार्टफोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेले. मुंबईला "आम्ही बरे आहोत" एवढं कळवायला माझ्या काकांचा बटणांचा फोन पुरला. टेकाडावर जाऊन एक दांडी रेंज मिळाली की बोलायचं आणि लगेच बंद करून ठेवायचा. तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्याच्या तयारीत मेणबत्त्या, काडेपेटी आणि चार्ज केलेला बटणांचा फोन.

टॉवर_वाला_पक्या

बाणकोट, तुम्हाला दांडी मिळाली हे नशीब. तसल्या वादळात टॉवरची वीज जाते, मग त्याची बॅटरी, मग जनरेटरचं डिझेल. टॉवर बसला की लाखाचा आणि हजाराचा फोन सारखाच. भरवसा हातातल्या फोनचा कमी आणि डिझेल पोचवणाऱ्या रस्त्याचा जास्त.

अजून एक. जुना अकराशे माळ्यावरून काढून त्यात जिओचं सिम घालायला जाल तर फक्त टॉर्च पेटेल. त्यांचं २जी नेटवर्कच नाही, पहिल्यापासून ४जी. त्यासाठी व्होल्टीवाला, म्हणजे ४जीवरूनच कॉल करणारा फोन लागतो. बाकी कंपन्यांचं २जी आहे अजून, किती दिवस ठेवतील ते त्यांनाच ठाऊक.

काउंटर_तीन

बँकेत आहे, म्हणून पैशांपुरतं. बटणांच्या फोनवर यूपीआय होत नाही हा समज खोटा. *९९# डायल करून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे आणलं, त्यात एका नंबरला फोन लावून आवाजी सूचनांवर बटणं दाबायची. मर्यादाही पाच हजारांवरून दहा हजार केली. काउंटरवर मी हे सांगतो तेव्हा बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. जाहिरात स्कॅनरची होते, याची कोण करणार?

आता फसवणूक. आरटीओचं चलन, लग्नाची पत्रिका, पीएम किसान अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (दाबली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) येते, माणूस दाबतो आणि खातं रिकामं. 'डिजिटल अरेस्ट'वाले व्हिडिओ कॉलवर खोटा पोलिस बसवतात. बटणांच्या साध्या फोनवर यातलं काहीच चालत नाही. म्हणून निवृत्त ग्राहकांना माझा सल्ला असा की ज्या खात्यात आयुष्याची पुंजी आहे त्याचा नंबर साध्या फोनमध्ये ठेवा. स्मार्टफोनला दुसरं खातं, त्यात महिन्याच्या भाजीपाल्यापुरते पैसे.

पॉपकॉर्न_शेठ

"साहेब, बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा" हा फोन मात्र बटणांवरही येतो हो.

काउंटर_तीन

येतो. आणि लोक सांगतातही. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

शाळा_सुटली

मुलांचा विषय कुणी काढला नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवा. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. ग्रामपंचायतीला भोंगा लावावा लागतो इतकं हे यंत्र चिकट आहे, यातच आलं सगळं. बटणांच्या फोनसाठी कुणी भोंगा लावला नव्हता.

वाई_ते_हिंजवडी

गुरुजी, त्या गावाने फोन फेकून दिले नाहीत, वेळ ठरवली. मला तर हा माझ्याच बाजूचा मुद्दा वाटतो.

पण मघापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती लिहितेच. "तिला साधाच पुरे" हे वाक्य आपल्याकडे कुणाबद्दल बोललं जातं? आजीबद्दल, आईबद्दल, नव्या सुनेबद्दल. आजोबांना साधा पुरे असं सहसा कुणी म्हणत नाही. त्यांना बातम्या बघायच्या असतात, ग्रुप असतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत अ‍ॅपवर भरायची वेळ आली तेव्हा आमच्या वाड्यातल्या बायका दुसऱ्याच्या फोनसाठी रांगेत उभ्या होत्या. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, तो कामावर, ओटीपी त्याच्या खिशात. पैसे बाईच्या नावाचे आणि किल्ली दुसऱ्याकडे. दादा, तुम्ही दुकानात साधा फोन सुचवता तेव्हा तो वापरणारी बाई समोर असते, की तिचा मुलगा तिच्या वतीने बोलत असतो?

दुकान_नंबर_सात

बहुतेक वेळा मुलगाच असतो. एवढंच नाही, "जास्त काही नको, आईला काय करायचंय" असंही म्हणतो. मी यापुढे आईला घेऊन या म्हणेन.

पण ताई, त्याच रांगेतली दुसरी बाजू. त्या बायकांकडे स्वतःचा साधा फोन आणि स्वतःचं सिम असतं तर ओटीपी त्यांच्याच हातात आला असता. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला काचेचा पडदा लागत नाही. आधी नंबर बाईच्या नावावर हवा, फोन कुठला ते नंतर. आणि ते सिम चालू ठेवणं महाग केलं होतं. नुसतं बोलणाऱ्यालाही डेटाचं पॅक मारायला लागायचं. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितल्यावर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले. माझ्याकडे रिचार्जला येणाऱ्या अनेकांना ते आजही मागायचं असतं हे ठाऊक नसतं.

बांधावरचा_माणूस

मागून बगा, दुकानदार आधी दुसरंच दाखवतो. (तुम्ही नाही हो.)

लेकुरवाळी

उशिरा आले. वाद बाजूला ठेवून कुणी नीट सांगेल का? सासूबाई ७४ वर्षांच्या, गाव चंदगडकडे, रेंज जेमतेम. ऐकू कमी येतं. त्यांना बटणांचाच हवाय, त्यांनीच सांगितलंय. पण वर्षभरात दोन घेतले, दोन्ही बिघडले. मग भरवशाचा कसला?

दुकान_नंबर_सात

वहिनी, आजचे हजार-दीड हजाराचे फोन ११०० च्या तोडीचे नाहीत. दिसायला तसेच, आतला माल हलका. साधा आहे म्हणून टिकेलच असं नसतं, मजबूत बांधला तर टिकतो. म्हणून घेताना हे बघा.

आधी गावात कुठल्या कंपनीची रेंज घरात येते ते शेजारी विचारा, मग सिम, मग फोन. त्या कंपनीचं ४जी असेल तर फोन ४जी व्होल्टीचाच घ्या, २जीवाला स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. दुकानात स्वतःचं सिम घालून प्रत्यक्ष फोन लावा आणि आवाज सासूबाईंच्या कानाला ऐकवा. डब्यावरच्या मोठ्या आवाजाच्या जाहिरातीवर जाऊ नका. बटण दाबल्यावर टक् असं बोटाला कळलं पाहिजे, मऊ लागलं तर सहा महिन्यांत बसतं. बॅटरी बाहेर काढून बघा, तिचा नंबर लिहून घ्या आणि तशीच सुटी बॅटरी मिळते का ते त्याच वेळी विचारा. शेवटचं म्हणजे एक आणि दोन ही बटणं दाबून धरली की तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना फोन लागेल असं स्पीड डायल करून द्या. काही फोनमध्ये एकचं बटण व्हॉइसमेलला अडकवलेलं असतं, तसं असेल तर दोन आणि तीन.

लेकुरवाळी

हे चालेल. रविवारी त्यांनाच सोबत घेऊन जाते.