मदत हवी आहे: मोडेम ब्रिज मोडवर टाकला की राउटर नेट पकडत नाही

गिरगावात छोटं ऑफिस. ४ कॉम्प्युटर, एक प्रिंटर, ८ पोर्टचा स्विच. फायबरचा मोडेम कंपनीचा, त्यामागे आमचा राउटर. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ होता म्हणून राउटरचा १९२.१६८.१०.१ केला. नेट चालतं, पण डबल नॅटमुळे (मोडेम आणि राउटर दोघेही आयपी पत्ते बदलतात) घरून ऑफिसच्या व्हीपीएनला जोडता येत नाही.

म्हणून मोडेम ब्रिजवर टाकला, म्हणजे तो सिग्नल नुसता पुढे देईल आणि नेट राउटरच जोडेल, आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या नेट लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरलं. मोडेमवर पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा, लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा बंद, तरी राउटर नुसता 'कनेक्टिंग' म्हणत बसतो. मोडेम पुन्हा राउटर मोडवर आणला की त्याच पासवर्डने लगेच लागतं.

केबल बदलली, मोडेमचा मॅक (हार्डवेअरचा पत्ता) राउटरवर क्लोन केला, जुनं सेशन सुटावं म्हणून मोडेम बराच वेळ बंदही ठेवला. स्टॅटिक आयपी घेतलाय, म्हणजे सीजीनॅट (कंपनीने एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटणं) नाही. कस्टमर केअरची गाडी 'रीस्टार्ट करा'च्या पुढे सरकत नाही. नवीन मोडेम घ्या म्हणू नका, साहेब ऐकणार नाहीत. प्रयोगही ऑफिस सुटल्यावरच करता येतात.

मोडेमच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पानावर व्हीलॅन आयडी (नेटच्या ट्रॅफिकला लावायचा टॅग क्रमांक) १०० दिसतो. ब्रिज केल्यावर हा टॅग मोडेमनेच लावायचा की राउटरच्या वॅनमध्ये भरायचा? आणि लॅन १ पोर्ट त्या ब्रिजला वेगळा बांधावा लागतो का?