मदत हवी आहे: कॉम्पटिया ए-प्लस कितपत अवघड, आणि करावं का?

ए-प्लस, म्हणजे संगणक दुरुस्ती आणि तांत्रिक मदतीच्या कामाचं कॉम्पटियाचं सुरुवातीचं प्रमाणपत्र; त्याची तयारी सुरू करायची आहे. रचना माहीत आहे: कोअर १ आणि कोअर २ अशा दोन परीक्षा, प्रत्येकीला ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. १०० ते ९०० च्या मापावर पहिलीत ६७५ लागतात, दुसरीत ७००. दोन्ही एकाच मालिकेतल्या हव्यात, म्हणजे २२०-१२०१ सोबत २२०-१२०२च.

खरी काळजी आहे ती प्रात्यक्षिक प्रश्नांची. ते बहुधा सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. खूण करून शेवटाला ठेवावेत का? पोर्ट क्रमांक पाठ करता येतात हो. पण लेझर प्रिंटरच्या पानावर ठरावीक अंतराने तोच डाग उमटतो, तेव्हा ते अंतर मोजून दोष ड्रमचा की फ्यूजरचा हे ओळखायचं; मशीन न उघडता हे डोक्यात बसतं का? सरावाला एक जुना डेस्कटॉप आणि व्हर्च्युअल मशीनवर विंडोज, लिनक्स एवढं पुरेल?

प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षं. हेल्पडेस्कसाठी मुलाखती घेणाऱ्यांनी कृपया सांगावं: अनुभव नसलेल्या उमेदवाराच्या अर्जात याने फरक पडतो का? की नेटवर्किंगकडेच जायचं असेल तर थेट सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंग प्रमाणपत्र) बरं?