ढोबळीचे शेंडे आकसलेत, मदत हवी आहे

मंडळी, वाळवा तालुक्यात आमचं शेडनेट आहे, ढोबळी मिरची ऐन फुलोऱ्यात. शेंड्याची पानं लांबट होऊन खाली वळलीत, अगदी उलट्या होडीसारखी. मागची बाजू तपकिरी, चकाकणारी. फूलगळही सुरू झालीय. फुलकिड्यांनी पान वर वळतं, म्हणून मला पांढरा कोळी (रस शोषणारी अतिबारीक कीड) वाटतोय. साध्या भिंगात काही दिसत नाही, लाल कोळ्यासारखी जाळीही नाही. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, झाडं उपटा. (नवी रोपंही त्याच्याकडेच मिळतात म्हणा!) पण जुनी पानं हिरवीगार आहेत आणि चिकट सापळ्यावर व्हायरस पसरवणारी पांढरी माशी तुरळकच. गंधक मारावं तर दुपारी आत ३५ अंशांच्या वर जातंय, पानं करपायची. संध्याकाळी चालेल का, की स्पायरोमेसिफेन हे कोळीनाशकच घेऊ? तोडा जवळ आलाय, फवारणीनंतर किती दिवस थांबायचं तेही सांगा.