धोट्याचा खडखडाट आणि गाण्याची हुकलेली तारीख

कानसेन
टिळकवाडीतल्या आमच्या कला केंद्रात महिन्यातून एका शनिवारी गाणं असतं. फार मोठी नावं क्वचित. बहुतेकदा बेळगाव, धारवाड, कोल्हापूरकडची मंडळी, आणि त्यांच्या आधी अर्धा तास इथलाच कुणी शिकणारा मुलगा किंवा मुलगी. या वेळी त्या तारखेला 'ध्वनिमांडणी' ठेवली होती. दिवे बंद, आम्ही सतरंजीवर, भोवती आठ स्पीकर. वडगावच्या मागाचा खडखडाट, दुसऱ्या रेल्वे गेटची घंटा, खानापूरकडचा पाऊस, बेडूक, मध्येच बराच वेळ काहीच नाही. असं चाळीस मिनिटं. संपल्यावर टाळ्या कुणासाठी वाजवायच्या ते कळेना. शेवटी लॅपटॉपपाशी बसलेल्या पोराकडे बघून वाजवल्या.

प्रयोग करायला माझी ना नाही. पण त्याला संगीत म्हणू नये आणि गाण्याची तारीख खाऊ नये. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, इथून जवळच्या सुळेभावीचा. त्यांच्या जिल्ह्यात गाण्याला अंग चोरून बसायची वेळ यावी? तुमची मतं सांगा.

जवारी
कानसेन, तुम्ही ज्याला नवं खूळ समजताय ते शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. लुइजी रुसोलो या इटालियन चित्रकाराने १९१३ मध्ये यंत्रांच्या गोंगाटालाही संगीतात जागा हवी असा जाहीरनामा काढला आणि त्यासाठी वाद्यंही बनवली. फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर आगगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून, कापून-जोडून रचना केली.

हे सगळं परदेशातलं म्हणाल, म्हणून अहमदाबादचंच सांगतो. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 'मूग' नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आणून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई वगैरेंनी तिथे काम केलं. त्या टेपा कितीतरी वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतल्या निवडक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. गीताबाई तर १९४६ मध्ये न्यूयॉर्कला संगीतकार जॉन केज यांच्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकत होत्या आणि त्यांना आपलं संगीत शिकवत होत्या. म्हणजे या सगळ्याचं एक मूळ आपल्याकडेही आहे.

आणि तंबोऱ्याचं काय? मिरजेला जवारी लावणारा कारागीर कधी बघितलाय? तारेखालचा दोरा घोडीवर केसभर पुढे सरकवतो, छेडतो, परत मागे घेतो. एका जागी तार अचानक उघडते आणि एका स्वरातून चार स्वर बोलायला लागतात. त्या क्षणी त्याच्या कानात राग नसतो की ताल नसतो, असतो तो फक्त आवाजाचा पोत. मला त्या अंधारात तेच मिळालं.

कानसेन
जवारी लागल्यावर तो तंबोरा कुणीतरी मांडीवर घेतं आणि गायला बसतं. तुमची मंडळी दोरा सरकवूनच घरी गेली. आणि पॅरिसच्या रेडिओवर झालं म्हणून ते टिळकवाडीत गोड मानून घ्यावं, हे काही पटत नाही.

मागवाला
आमच्या मागाचा आवाज ऐकवणार म्हणून मुद्दाम गेलतो. पास पण काढलो.

पहिली गोष्ट. आमच्या वडलांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. आता त्यांना फोनवरचं ऐकू येत नाही, समोर बसून ओरडावं लागतंय. तेव्हा मागाचा आवाज म्हटलं की कुणी डोळे मिटून माना डोलवालेत हे बघून जरा कसंतरीच झालं. राग नाही, पण झालं.

दुसरी गोष्ट, आवाज घेतलेला चुकलाय. एकच माग घेतला, तोही जवळून, स्वच्छ. शेडमध्ये एकटा माग कधी ऐकू येतो व्हय? आठ-दहा एकदम चालू असतात आणि कुणाचा कुणाशी मेळ नसतो. त्या गदारोळातनं विणकर आपल्या मागाचा आवाज वेगळा काढतो. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपत आली की मार हलका पडतो, धोट्याला ठोकणारा पिकर झिजला की खाट्टकन वाजतं. मान वर न करता हात हँडलवर जातो. तिकडं वडलांना कानात काही पडत नव्हतं तेव्हासुद्धा खोड कुठल्या मागात हाय ते कळायचं, शेडच्या जमिनीतनं पायाला लागायचं म्हणत होते. आठ स्पीकर होते की तुमच्याकडं. एकेकावर एकेक माग सोडायचा आणि लोकांना म्हणायचं, शोधा बघू बिघडलेला कुठला. तसं केलं असतं तर आम्ही परत आलो असतो.

जवारी
मागवाला, इतकी नेमकी टीका त्या कलाकारावर दुसऱ्या कुणी केली नसेल. रेकॉर्डिंगला येताना त्यांनी तुमच्यापैकी कुणाला विचारलं होतं का?

मागवाला
माईक घेऊन आले, चहा पिले, गेले. चांगली पोरं हाईत, तक्रार नाही.

शहापूरची बाई
मी गाणं शिकवते. तुमचा वाद वाचतेय आणि खरा प्रश्न सगळेच टाळताय असं वाटतंय. हे संगीत की नाही, ते पंडितांनी ठरवावं. माझ्याकडची एक मुलगी त्या अर्ध्या तासासाठी चार महिने पूरिया धनाश्री राग घोळवत होती. घरचे शेजारपाजारच्यांना सांगून बसले होते. आठवडाभर आधी फोन आला, या वेळी वेगळा कार्यक्रम आहे. पुढची तारीख सांगितली नाही.

पैशाचंही बोलू. आठ स्पीकर भाड्याने आले, ते लावायला माणूस आला, त्याचं कुणाला जड झालं नाही. आमच्या तबलजीला पाकीट द्यायची वेळ आली की मात्र 'आपलाच माणूस आहे' हे ठरलेलं. हार्मोनियमवाला तर येण्याजाण्याच्या रिक्षावरच खूश असतो असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

कॅम्पातला
बाई, मुलीच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण कानसेननी कुमारांचं नाव काढलंय म्हणून विचारतो. कुमारांनाही घराणं मोडलं, परंपरा सोडली, असंच म्हणत होते ना लोक? आज त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे बेळगावात.

शहापूरची बाई
आलंच! काहीही वेगळं केलं की कुमारांची ढाल पुढे. कुमार क्षयाने आजारी होऊन देवासला पडून होते, गाणं बंद होतं, तेव्हा माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत होती. पुढे त्यांनी ती गोळा केली, स्वरलिपीत उतरवली, त्यांतली रागाची बीजं शोधली, त्या धुनांतून उगवलेले 'धुनउगम' राग बांधले. त्यांचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक १९६५ मध्ये आलं. इतक्या वर्षांचं ते काम आहे. माईक लावून दोन दिवसांत आवाज गोळा करणं आणि हे एका पंक्तीत बसवू नका.

कॅम्पातला
काम त्यांचं, मान्यच. पण त्या अंथरुणावर ते नेमकं काय करत होते? मैफल नव्हती, तंबोरा नव्हता. दाराबाहेरून जे येतंय ते ऐकत होते. ते ऐकणं आधी झालं, राग नंतर. आपल्या पोरांना आपण पहिल्या दिवसापासून सा लावायला बसवतो. बाहेरचं ऐकायला कधी बसवतो?

शहापूरची बाई
बसवते मी. गॅलरीत बसवून प्रेशर कुकरच्या शिट्टीचा स्वर ओळखायला लावते. त्याला आठ स्पीकर लागत नाहीत.

नुसताच वाचक
बाहेरचा माहितीफलक कुणी वाचला का? नुसता इंग्रजीत. मराठी नाही, कन्नड नाही. बेळगावात फलकावरून दोन्ही बाजूंना एकदम राग यावा असा हा दुर्मिळ योग होता, आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. शिवाय सभागृहातले पंखे चालू. तो खानापूरचा पाऊस कुठे संपतो आणि पंखा कुठे सुरू होतो, मला शेवटपर्यंत समजलं नाही.

खडेबाजार
मला एकाच गोष्टीचं हसू येतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हे नियम २००० सालापासून आहेत. आमच्या गल्लीत विसर्जनाला खिडकीची तावदानं थरथरतात, मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही, तेव्हा 'हे संगीत आहे का' म्हणून चर्चा काढायची कुणाची छाती होत नाही. बंद खोलीत बेडूक वाजवले की सगळ्यांना सूर आठवतो.

कानसेन
खडेबाजार, डीजेवर मी बोललोय, मंडळाच्या बैठकीत बोललोय, त्याचं काय झालं ते सोडा. इथे तो विषय नाही.

मागवाल्यांचं वाचल्यावर एवढं म्हणतो. आठ मागांचा तो खेळ त्यांनी वडगावात एखाद्या शेडमध्ये केला तर मी येईन. संगीत म्हणून नाही, माग कळावा म्हणून. पण शनिवार गाण्याचाच राहावा, यावर मी ठाम आहे.

जवारी
वर्षातून दोन शनिवारसुद्धा नाहीत?

कानसेन
पाचवा शनिवार येतो तेव्हा घ्या की. तो असाही रिकामाच असतो.

मागवाला
शेडमध्ये करायचं तर वीज गेल्यावर करा. माग थांबल्यावर कानात जे वाजत राहतं ते पण ऐकवा म्हणावं.

शहापूरची बाई
त्या मुलीला पुढची तारीख अजून मिळालेली नाही. इथे कुणाची केंद्रात उठबस असेल तर सोमवारच्या आत विचारून सांगा. तिची बारावी आहे, जानेवारीनंतर ती गाणार नाही.