झॉम्बीजनंतरचा कॉलिन ब्लनस्टन खरंच एकटा गायला का?

रात्रपाळी

गेले दोन आठवडे झोपायच्या आधी एकच अल्बम ऐकतोय: कॉलिन ब्लनस्टनचा 'वन इयर', १९७१चा. ऐकून ऐकून मत पक्कं झालंय म्हणून धागा काढतोय. झॉम्बीजमध्ये असताना त्याने जे गायलं, त्यापेक्षा हे काम वरच्या दर्जाचं आहे.

नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. झॉम्बीज म्हणजे लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्समध्ये जमलेली पाच पोरं. १९६४ साली एक स्पर्धा जिंकली, डेक्का कंपनीने करार केला, आणि 'शीज नॉट देअर' अमेरिकेत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गाणी लिहायचे कीबोर्डवाला रॉड अर्जंट आणि बासवाला ख्रिस व्हाइट, गळा ब्लनस्टनचा. पुढे यश आटलं. १९६७ मध्ये 'ओडेसी अँड ऑरॅकल' रेकॉर्ड केला आणि तो बाजारात येण्याआधीच बँड फुटला. ब्लनस्टनने विमा कंपनीत नोकरी धरली. आणि १९६९ मध्ये त्याच अल्बममधलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर! बँड केव्हाच संपलेला.

आता 'वन इयर'चं शेवटचं गाणं ऐका, 'से यू डोन्ट माइंड'. ड्रम नाहीत, गिटार नाही, काहीच नाही. नुसती तंतुवाद्यं, तीही गाद्यागिरद्यांसारखी मऊ नाहीत, गज खरखरून ठेका धरणारी. संयोजन ख्रिस्तोफर गनिंगचं, ज्याने पुढे टीव्हीवरच्या पॉइरो मालिकेचं संगीत केलं. त्या मोकळ्या जागेत ब्लनस्टनचा श्वास ऐकू येतो, शब्द सुरू व्हायच्या आधीचा. आणि अगदी शेवटी आवाज एकदम वर झेपावतो, तिथेच विरतो. बँडच्या गोंगाटात हा श्वास कधी इतका स्पष्ट ऐकू आला होता?

जुनीतबकडी

असहमत. गाणं सुंदर आहे यात वाद नाही, पण तुम्ही ज्याला एकट्याचं काम म्हणताय ते एकट्याचं नाहीच.

'वन इयर'चे निर्माते कोण? रॉड अर्जंट आणि ख्रिस व्हाइट. काही गाण्यांत वाजवतंय कोण? अर्जंटचा नवा बँड. 'शी लव्हज द वे दे लव्ह हर' आणि 'स्मोकी डे' ही गाणीही त्या दोघांचीच. झॉम्बीज फुटल्यावर त्यांनी ती झॉम्बीजच्या नावाखाली रेकॉर्डही करून ठेवली होती, फक्त तो अल्बम तेव्हा निघाला नाही. म्हणजे घर तेच, पाटी बदलली.

खरा एकटा ब्लनस्टन ऐकायचा असेल तर १९६९चा ऐका. नील मॅकआर्थर असं नाव घेऊन त्याने पहिलं काय केलं? स्वतःचंच 'शीज नॉट देअर' पुन्हा गायलं. ब्रिटनमध्ये ३४व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि संपलं. मित्र सोबत नव्हते तेव्हा त्याच्याकडे गायला नवं गाणंसुद्धा नव्हतं.

पानगळ

दोघांनाही एक विचारते. त्याने बँड 'सोडला' असं आपण सहज म्हणतो, पण परवडलं असतं तर तो थांबला नसता का?

झॉम्बीजमध्ये दोन वर्ग पडले होते. अर्जंट आणि व्हाइट गीतकार, त्यांना गाण्यांची रॉयल्टी येत होती. ब्लनस्टन, गिटारवाला पॉल ॲटकिन्सन आणि ड्रमवाला ह्यू ग्रंडी यांची भिस्त कार्यक्रमांच्या मिळकतीवर. मागणी घटली तशी ही मिळकत आटली. ज्याचा आवाज जगाने ओळखला त्याच्याच खिशात पैसे नव्हते, म्हणून तो कचेरीत जाऊन बसला. मला याची चीड येते, खरंच. त्यामुळे नील मॅकआर्थर प्रकरणावर बोट ठेवताना हेही बघा की दिवसभर विम्याची कागदपत्रं बघणारा माणूस पुन्हा गाण्याकडे वळू पाहत होता. त्या नावाखालच्या गाण्यांवरून त्याची कुवत ठरवू नये.

रात्रपाळी

पानगळ, अगदी बरोबर. 'सोडला' हा शब्द इथे चुकीचाच आहे.

जुनीतबकडी, 'वन इयर'मध्ये दहा गाणी आहेत. त्यातली चार ब्लनस्टनने स्वतः लिहिली आहेत, हे तुमच्या हिशोबातून सुटलं. 'कॅरोलाइन गुडबाय' घ्या. अभिनेत्री कॅरोलाइन मन्रोशी नातं तुटल्यावर लिहिलेलं. एखाद्याने शांतपणे दार लोटून घ्यावं तसं गायलंय, कुठेही आवाज चढवलेला नाही. झॉम्बीजमध्ये तो दुसऱ्यांच्या प्रेमभंगाची गाणी म्हणायचा, हे त्याचं स्वतःचं आहे.

आणि 'से यू डोन्ट माइंड' अर्जंट-व्हाइटचं नाही. ते डेनी लेनचं, म्हणजे मूडी ब्लूजमधून बाहेर पडलेल्या गायकाचं. लेनने १९६७ मध्ये स्वतः गायलं तेव्हा कुणी विचारलं नाही. ब्लनस्टनने १९७२ मध्ये तेच ब्रिटनमध्ये १५व्या क्रमांकावर नेलं.

हार्मोनियमवाला

मला हा वाद मुळातच थोडा परका वाटतो. गाणं ज्याने लिहिलं त्याचंच, हा आग्रह तिकडच्या साठच्या दशकाने धरला. आपण भावगीतांवर वाढलेली माणसं. शब्द पाडगावकरांचे, चाल खळ्यांची नाहीतर देवांची, गळा अरुण दात्यांचा. म्हणून दाते दुसऱ्याच्या खांद्यावर उभे होते असं कुणी म्हटलं का? कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठला स्वर नुसता टेकवून सोडायचा, ही गायकाचीच निर्मिती असते. ब्लनस्टनला त्या मापाने मोजा. बीट ग्रुपच्या, म्हणजे तिकडच्या साठच्या दशकातल्या बँडच्या, मापाने मोजलंत तर तो उणाच भरणार.

जुनीतबकडी

हार्मोनियमवाला, मुद्दा आवडला. पण तो माझ्या बाजूने जातो, बघा. दाते, देव, खळे ही जुळणी होती म्हणून ती गाणी झाली. ब्लनस्टनची जुळणी अर्जंट आणि व्हाइटशी होती.

'टाइम ऑफ द सीझन'च्या रेकॉर्डिंगची हकीकत अर्जंट आणि ब्लनस्टन दोघांनीही अनेकदा सांगितली आहे. गाणं नुकतंच लिहून झालेलं, ब्लनस्टनच्या गळ्यात नीट बसलेलं नाही, अर्जंट काचेपलीकडून सारखा दुरुस्त्या करतोय. शेवटी ब्लनस्टन भडकला: इतकं येतंय तर तूच येऊन गा. अर्जंट हटला नाही, त्याच्याकडूनच गाऊन घेतलं. आज पन्नासहून अधिक वर्षांनी लोक तेच ऐकतात. त्या गाण्यात हा मऊ आवाज एका घट्ट, ताणलेल्या ठेक्याला भिडतो, म्हणून तो अंगावर येतो. 'वन इयर'मध्ये त्याला भिडायला फारसं काही ठेवलेलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर सगळं एकाच संथ लयीत जातंय असं मला वाटतं.

अर्धामात्रा

मधली बाजू घेत नाही, जुनीतबकडींच्या बाजूने आहे. गायक व्हॅन मॉरिसन १९६६ मध्ये 'देम' या बँडमधून बाहेर पडला आणि दोन वर्षांत 'ॲस्ट्रल वीक्स' हा अल्बम केला. त्यानंतर त्याची दिशा त्याने ठरवली. ब्लनस्टनची दिशा कायम दुसऱ्यांनी ठरवली. 'वन इयर'नंतरच्या 'एनिस्मोर' अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं 'आय डोन्ट बिलीव्ह इन मिरॅकल्स', ते रस बॅलर्डचं, म्हणजे पुन्हा अर्जंटच्याच बँडमधला माणूस. १९७४च्या 'जर्नी' अल्बमनंतर एल्टन जॉनच्या रॉकेट या रेकॉर्ड कंपनीकडे गेला, तर 'प्लेन्स' हे गाणंही एल्टन जॉन आणि त्याचा गीतकार बर्नी टॉपिन यांचं. आवाज सोन्याचा, पण पुढे काय करायचं हे माहीत नसलेला गायक. वाईट वाटतं म्हणूनच लिहितोय.

रानजाई

माझ्याकडे वाद घालण्याइतकी माहिती नाही, एक आठवण आहे. मामाने मस्कतहून आणलेल्या कॅसेटमध्ये ॲलन पार्सन्स प्रोजेक्टचं 'आय इन द स्काय' होतं. दुसरी बाजू संपता संपता 'ओल्ड अँड वाइज' लागायचं. आम्ही भावंडं बाकीची गाणी पुढे ढकलायचो, याला हात लावायचा नाही असा नियम होता. गाणारा कोण हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी 'शीज नॉट देअर' ऐकवलं आणि पहिल्या ओळीला मी म्हणाले, हा तर आमच्या कॅसेटमधला माणूस!

दोन्हींत अठरा वर्षांचं अंतर, वेगळा बँड, वेगळा संगीतकार. आवाज ओळखू आला. अर्धामात्रा म्हणतात तशी दिशा त्याला नसेलही. पण ज्याला स्वतःचं असं काही नाही, तो असा ओळखू येईल का?

पानगळ

रानजाई, सुरेख. आणि त्याच सुमारास, १९८१ मध्ये, डेव्ह स्टुअर्टच्या सिंथेसायझरवर त्याने 'व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड' गायलं, ब्रिटनमध्ये १३व्या क्रमांकावर. 'से यू डोन्ट माइंड'पेक्षाही वर. पण तबकडीवर आधी नाव स्टुअर्टचं, याचं पाहुणा म्हणून.

२०१९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झॉम्बीज आले, तेव्हा ॲटकिन्सन हयात नव्हता. ज्या तिघांना गाण्यांचे पैसे नव्हते, त्यांतला एक तो सन्मान बघायला राहिला नाही. मला या सगळ्या कहाणीत हेच फार लागतं.

रात्रपाळी

जुनीतबकडी, एकच विनंती. 'वन इयर'मधलंच 'मिस्टी रोझेस' आज रात्री हेडफोन लावून ऐका. टिम हार्डिनचं गाणं. अर्जंटचं नाही, व्हाइटचं नाही. सुरुवातीला नुसती गिटार आणि तो. मग गिटार थांबते आणि तंतुवाद्यांचा लांबलचक, अस्वस्थ करणारा तुकडा येतो. भिडायला काही नाही म्हणालात ना? ते इथे आहे.

जुनीतबकडी

ऐकलं, दोनदा. गिटार थांबल्यावर वाटलं गाणं भरकटलं. मग त्या तंतुवाद्यांतून तो परत येतो, तेच शब्द घेऊन, आणि आता पायाखाली गिटारचा आधार नाही. स्वर कुठेही हलत नाही. मान्य करतो, हे झॉम्बीजच्या हातून झालं नसतं. अख्ख्या अल्बमबद्दल माझं मत आहे तेच आहे, 'ओडेसी' माझ्यासाठी वरच. पण हे एक गाणं माझ्या आक्षेपांतून वगळतो.