स्वस्त इअरबड्स: अर्धं पटलं

दोन हजारांच्या आतल्या इअरबड्सचं नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज दाबणं) नुसतं नावाला, असं कुणीतरी म्हटलंय. अर्धं पटलं. माझे दीड हजाराचे, आठ महिने रोज डोंबिवली-दादर. पंख्याची घरघर, लोकलची घुमणारी घुंऽऽ बऱ्यापैकी दबते. समोरच्या बाकावरचं भांडण मात्र शब्दन् शब्द ऐकू येतं. उलटी लाट सोडून आवाज मारायचं हे तंत्र सलग, खालच्या पट्टीच्या आवाजांवरच नीट चालतं. खोक्यावरच्या डेसिबलला (आवाज किती दाबला जातो त्याचं माप) भुलू नका, तो आकडा सगळ्या पट्ट्यांना लागू नसतो. आधी कानात जाणाऱ्या रबरी टोप्या बदलून बघा, घट्ट बसायला हव्यात. मी डाव्या कानाला मोठी लावली (हो, एकाच!) आणि बेस एकदम भरला. कॉलवर मात्र वैताग. जरा वारा सुटला की आई विचारते, "विहिरीतून बोलतोयस का रे?"