मदत हवी आहे: स्टेल्थ गेममध्ये खेळाडूची शैली मोजायची कशी?

छोटा स्टेल्थ गेम (पहारेकऱ्यांच्या नजरेत न येता लपूनछपून खेळायचा) बनवतोय. २०१३ च्या ‘स्प्लिंटर सेल: ब्लॅकलिस्ट’मध्ये घोस्ट (न दिसता, न मारता), पँथर (लपून मारणं), असॉल्ट (उघड हल्ला) अशा तीन शैलींचे गुण वेगवेगळे जमा होतात, तसंच काहीसं हवंय. मारले किती, बेशुद्ध किती, अलार्म किती, हे मोजणं सोपं गेलं. घोडं अडलंय भलतीकडेच. परवा टेस्टिंगला एका मित्राने पहारेकऱ्याला बेशुद्ध करून जिन्यातच सोडलं. ४ मिनिटांनी तो दुसऱ्याला सापडला, अलार्म वाजला, आणि तेव्हा हा पठ्ठ्या २ खोल्या पलीकडे कपाटात! माझ्या कोडने त्याला थेट ‘दंगेखोर’ ठरवलं. चिडला, आणि बरोबरच चिडला. स्वतः दिसल्याचा दंड आणि बेशुद्ध माणूस सापडल्याचा दंड वेगळे ठेवावेत का? शिवाय चूक झाली की जुना सेव्ह (आधी साठवून ठेवलेला खेळ) उघडून तिथूनच पुन्हा खेळणाऱ्यांचं तुम्ही काय करता?